मापाचें माप



बाजारांत भाजी घेतांना दुकानदाराच्या तराजूकडे आपलें बारीक लक्ष असतें. परंतु त्याच्या पारड्यांत पडणाऱ्या वजनाकडे आपल्यापैकीं किती जण पाहतात? त्या वजनावर सरकारी शिक्का आहे कीं नाहीं, तें झिजलेलें तर नाहीं ना, ह्याची चौकशी क्वचितच होते. तराजू कितीही सरळ धरला तरी वजनच हलकें असेल तर गिऱ्हाईक फसावयाचेंच. ‘मापांत पाप’ म्हणतात तें पुष्कळदां अशा ठिकाणीं दडलेलें असतें. आज ज्या मापाविषयीं मी बोलणार आहें तें धान्याचें किंवा भाजीचें नसून आंबटपणाचें आहे. तथापि तेथेंही गोष्ट हीच आहे.

गेल्या हिवाळ्यांत टोमॅटो स्वस्त झाले तेव्हां आमच्या वहिनींनीं त्यांचा गर शिजवून तो वर्षभरासाठीं बाटल्यांत भरण्याचा बेत केला. त्यांच्यापाशीं टांकाएवढें एक पीएच् मीटर आहे. गर थंड करून त्यांत त्यांनीं तें बुडविलें तेव्हां आंकडा आला ४.४. पुस्तकांत ४.६ च्या खालीं असावा असें लिहिलेलें होतें. त्यामुळें वहिनी निश्चिंत झाल्या. मीं सहज विचारलें, “वहिनी, हें यंत्र जुळविलें केव्हां?” त्या म्हणाल्या, “आज सकाळींच जुळविलें, भावोजी. त्याचीं द्रावणें हीं काय इथेंच आहेत.”

मीं ती बाटली उजेडांत धरली. झांकण सैल होतें आणि तळाशीं कापसासारखे पांढरे तंतू तरंगत होते. वापरून झालेलें द्रावण वाया जाऊं नये म्हणून दर खेपेस परत बाटलींत ओतलें जात होतें. काटकसरी घरांत असें होणें स्वाभाविक आहे. आम्हीं नव्या पुड्या फोडून ताजीं द्रावणें केलीं, यंत्र पुन्हां जुळविलें आणि तोच गर पुन्हां मोजला. आतां आंकडा आला ४.७! मग ती जुनी बाटली मोजून पाहिली. तिच्यावर ४.०१ असें छापलेलें होतें. प्रत्यक्षांत आंतलें द्रावण ४.३ भरलें.

चार दशांश चार आणि चार दशांश सात ह्यांत तें अंतर काय, असें कोणासही वाटेल. म्हणून हा आंकडा कशाचा, हें थोडक्यांत पाहूं. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सोरेन्सन ह्या शास्त्रज्ञानें १९०९ सालीं पीएच् ही मोजणी सुरू केली. मराठींत तिला सामू म्हणतात. सात हा मध्यबिंदु होय. त्याखालीं आम्लता वाढते, वर अल्कता वाढते. मात्र ह्या मोजपट्टीच्या पायऱ्या बेरजेच्या नाहींत, गुणाकाराच्या आहेत. एक पायरी खालीं उतरलें कीं आम्लता दसपट होते. म्हणून ४.७ सामूचा गर ४.४ च्या मानानें केवळ निम्म्या आम्लतेचा असतो.

आणि ४.६ ही मर्यादा कोणाच्या लहरीनें ठरलेली नाहीं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नांवाचा एक सूक्ष्म जंतु मातींत सर्वत्र असतो. त्याचीं बीजें उकळत्या पाण्यानेंही मरत नाहींत, आणि हवाबंद बाटली तर त्यांस मानवतेच. तेथें तीं वाढलीं म्हणजे मज्जातंतूंस लुळे करणारें प्राणघातक विष तयार होतें. अन्नाचा वास किंवा चव बिघडलेली असेलच असेंही नाहीं. परंतु सामू ४.६ किंवा त्याहून कमी असला तर तीं बीजें वाढूं शकत नाहींत. टोमॅटो नेमका ह्या सीमारेषेवरच असतो. कांहीं जाती, विशेषतः फार पिकलेलीं फळें, ती ओलांडतात. म्हणजे वहिनींचें यंत्र ज्या बाटलीस निर्धोक म्हणत होतें ती तशी नव्हती.

आतां यंत्राकडे वळूं. लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्याची कॅलिफोर्नियांतील फळबागवाल्यांच्या संघाची अडचण सोडविण्यासाठीं आर्नोल्ड बेकमन ह्यांनीं १९३४ च्या सुमारास असें मीटर तयार केलें. त्याच्या टोंकाशीं खास कांचेचा एक पातळ फुगा असतो. फुग्याच्या आंत एक ठराविक द्रावण असतें आणि बाहेर आपण मोजावयाचा पदार्थ असतो. दोहोंच्या आम्लतेंत जितकें अंतर, तितका विजेचा सूक्ष्म दाब कांचेवर उत्पन्न होतो. तो २५ अंश सेल्सिअसला सामूच्या प्रत्येक पायरीमागें सुमारें ५९ मिलिव्होल्ट असतो. परंतु कांच जुनी होते, मळते, सुकते आणि हा दाब हळूहळू बदलतो. यंत्रास केवळ दाब कळतो. सामू कळत नाहीं. अमुक दाब म्हणजे अमुक सामू, हें त्यास आपणच वेळोवेळीं शिकवावें लागतें. ह्या शिकविण्यास जुळणी म्हणावयाचें, आणि ज्या द्रावणांनीं शिकवावयाचें तीं प्रमाण-द्रावणें. त्यांसच बफर असेंही म्हणतात. थोडें आम्ल किंवा अल्क मिसळलें तरी आपला सामू सहसा न सोडणें हा त्यांचा गुण. पण ‘सहसा’ म्हणजे ‘कधींच नाहीं’ नव्हे. सात सामूच्या द्रावणाचे थेंब आणि बुरशी ह्यांनीं महिनोन्‌महिने मिळून वहिनींचें द्रावण बिघडविलें. यंत्रानें मात्र सांगितलें तें इमानानें खरें मानलें.

जुळणीची रीत सोपी आहे. आपला पदार्थ ज्या दोन प्रमाणांच्या मध्यें पडेल तीं दोन घ्यावीं. लोणचें, सरबत, टोमॅटो ह्यांसाठीं ७ आणि ४. साबणासारख्या अल्क पदार्थांसाठीं ७ आणि १०. प्रथम फुगा ऊर्ध्वपातित पाण्यानें धुवावा व मऊ कागदानें टिपावा. घासूं नये, कारण घासल्यानें कांचेवर विजेचा भार राहून आंकडा स्थिरावण्यास वेळ लागतो. लहान वाटींत फुगा बुडेल इतकें सात सामूचें द्रावण घेऊन आंकडा स्थिर झाल्यावर जुळणीची कळ दाबावी. पुन्हां धुवावें, टिपावें आणि चार सामूच्या द्रावणांत तसेंच करावें. कांहीं यंत्रें ह्यानंतर टक्केवारी दाखवितात. ती शंभराच्या आसपास, साधारण ९५ ते १०५ असली तर फुगा निरोगी समजावा. वहिनींच्या यंत्रांत ही सोय असती तर सकाळींच शंका आली असती. जुळणी ऊर्ध्वपातित पाण्यानें तपासण्याचा मोह मात्र टाळावा. हवेंतील कर्बवायु शोषून त्याचा सामू सातावरून ५.६ च्या आसपास उतरतो, आणि तोही स्थिर राहत नाहीं.

उष्णमानाचीही दखल घेतली पाहिजे. दहा सामूचें जें द्रावण २५ अंशांस १०.०१ असतें, तेंच २० अंशांस १०.०६ व ३० अंशांस ९.९७ च्या सुमारास असतें. चार सामूचें मात्र फारसें हलत नाहीं. बाटलीवर ह्याचें कोष्टक छापलेलें असतें तें पाहावें, आणि द्रावण व पदार्थ दोन्ही खोलीच्या उष्णमानाला आणूनच मोजावे.

आतां आजच्या भाषणाचा मुख्य मुद्दा, तो म्हणजे ह्या द्रावणांची जपणूक. पहिला नियम, वाटींत ओतलेलें द्रावण पुन्हां बाटलींत जावयाचें नाहीं, आणि यंत्रही थेट बाटलींत बुडवावयाचें नाहीं. दुसरा, मोठी बाटली घेण्यापेक्षां लहान बाटल्या किंवा पुड्या घ्याव्या. पुडी विरघळवितांना नळाचें पाणी चालत नाहीं. पुडीवर लिहिलें असेल तेवढेंच ऊर्ध्वपातित पाणी मोजून घ्यावें. तिसरा, बाटली फोडतांच तिच्यावर तारीख लिहावी. चार व सात सामूचीं द्रावणें घट्ट झांकणाखालीं कांहीं महिने टिकतात, पण त्यांत बुरशी धरते. गढूळपणा किंवा तंतू दिसले कीं मुदत न पाहतां तीं टाकावीं. दहा सामूचें द्रावण हवेंतील कर्बवायु शोषून खालीं उतरतें. तें फोडल्यावर महिन्याभरांत संपवावें हें बरें. चौथा, बाटल्या सावलींत, कपाटांत ठेवाव्या. खिडकींत किंवा चुलीजवळ नव्हे, आणि बर्फाच्या कप्प्यांतही नव्हे.

फुगा मात्र कधींही कोरडा किंवा ऊर्ध्वपातित पाण्यांत ठेवूं नये. तशा पाण्यांत त्याच्यांतील क्षार हळूहळू पाझरून जातात. त्यासाठीं पोटॅशियम क्लोराइडचें तीव्र द्रावण विकत मिळतें; त्याचे चार थेंब टोपणांत घालून ठेवावे. तें नसेल तर तात्पुरतें चार सामूचें प्रमाण-द्रावण चालतें; मात्र तें नंतर जुळणीस वापरूं नये. फुगा सुकलाच तर कांहीं तास त्याच द्रावणांत भिजवून पुन्हां जुळणी करावी.

वहिनींच्या गराचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. त्यांत त्यांनीं थोडथोडें लिंबूसत्त्व घालून ढवळलें, दर खेपेस थोडा गर थंड करून मोजला, आणि आंकडा ४.२ वर आल्यावरच तो पुन्हां तापवून बाटल्यांत भरला व पुस्तकांतील रीतीप्रमाणें त्या बाटल्या उकळल्या. मर्यादेच्या थोडें खालीं राहणें बरें, कारण चांगल्या जुळविलेल्या घरगुती यंत्रांतही एक दशांशाची चूक संभवते. जुनी बाटली त्यांनीं मोरींत ओतली. ओततांना त्या जराशा हळहळल्या. द्रावणाची एक पुडी वांचविण्यापायीं ज्या बाटल्या वर्षभर घरांतल्या मुलांच्या पानांत वाढल्या जाणार होत्या, त्यांचा हिशेब मीं त्यांस करून दाखविला तेव्हां ती हळहळही राहिली नाहीं.

आपल्या घरीं असें यंत्र असेल तर आज त्याच्याकडे नको, त्याच्या शेजारच्या बाटलीकडे पाहा. तिच्यावर तारीख नसेल तर नवी आणा. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.