हिवाळ्यांतील काशी : नावेंतून

काशीयात्रा म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें म्हातारपण उभें राहतें. मुलांचीं लग्नें व्हावीं, संसार आटोपावा आणि मग जमल्यास काशी, असा हिशेब आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. श्रोत्यांना माझें आज सांगणें एवढेंच कीं, गुडघे शाबूत आहेत तोंवर जा, आणि शक्य तर पौष-माघांत जा. हें पुण्यासाठीं सांगत नाहीं. गंगेचें पाणी तेव्हां खालीं गेलेलें असतें, म्हणून सांगतों.

काशीला गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. शहर पश्चिम तीरावर, नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगास वसलें आहे. वळतांना नदी बाहेरच्या काठाशीं खोल व वेगानें वाहते. आंतल्या काठाशीं ती मंदावते आणि वाळू टाकते. म्हणून समोरचा पूर्व तीर उघडा, वाळूचा. आणि इकडे मात्र नाव थेट पायरीला लागते. पण जो प्रवाह स्नानाला खोल पाणी आणून देतो, तोच काठहि पोखरतो. तेव्हां काशीचे घाट म्हणजे नुसते जिने नव्हेत. शहर नदींत ढासळूं नये म्हणून घातलेला तो चुनारच्या दगडाचा बांध आहे.

पावसाळ्यांत हें ध्यानांत येत नाहीं. येथें पाण्याची धोक्याची खूण समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटरांवर आहे. १९७८ च्या सप्टेंबरांत नदी ७३.९० मीटरांपर्यंत चढली होती. हिवाळ्यांत पाणी त्या पुराहून दहा मीटरांपेक्षां अधिक खालीं असतें. म्हणजे तिमजली घराएवढें बांधकाम आपल्यापुढें उघडें पडतें.

पहांटे असीघाटावर नाव धरावी. हल्लीं बहुतेक नावांना यंत्र असतें. वेळ अधिक गेला तरी वल्ह्याची पाहावी. आम्ही गेलों त्या दिवशीं धुकें इतकें दाट होतें कीं, पहिला अर्धा तास काशी आम्हीं कानांनींच पाहिली : कोठें धुणीं आपटल्याचा आवाज, कोठें घंटा, कोठें कुणाचें खोकणें. मग सूर्य समोरच्या वाळूवर आला आणि नावेभोंवतीं पांढरे कुरव पक्षी दिसूं लागले. हे थंडीचे पाहुणे. लोक त्यांना शेव टाकतात. मला तें फारसें रुचलें नाहीं.

प्रवाहाबरोबर उत्तरेस जातांना मराठी माणसाला ओळखीचीं नांवें भेटत जातात. अहल्याबाई होळकरांचा घाट लागतो. विश्वनाथाचें आजचें मंदिरहि त्यांनींच १७८० सालीं उभें केलें. पुढें मणिकर्णिका. झांशीच्या राणीचें पाळण्यांतलें नांव हेंच. येथें चिता अहोरात्र जळतात. कॅमेरा पिशवींत ठेवावा आणि बोलणें थांबवावें.

लगेच शिंदे घाट येतो, आणि नाव थांबवायची ती येथें. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनीं १८३० च्या सुमारास हा बांधविला. घाट मोठा भव्य, पण तितकाच जड. खालच्या मातीला भार पेलेना, आणि त्याच शतकांत तो खचला. पुढें तो पुन्हा बांधावा लागला. त्याच्या पायथ्याशीं रत्नेश्वराचें देऊळ आहे, तें मागें कललें आहे. वर्षाचे कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्यांत बुडालेला असतो. कोणी म्हणतात, ‘आईचें ऋण फिटलें’ असें बांधणारा बोलला आणि तत्क्षणीं देऊळ वांकलें. कथा गोड आहे. पण शेजारचा घाट खचल्याचें ठाऊक असल्यानें मी तरी मातीलाच दोष देतों.

बांधणारीं संस्थानें आतां नाहींत; ग्वाल्हेर आणि इंदूर १९४८ सालीं मध्यभारतांत विलीन झालीं. नदीचें काम मात्र चालूच आहे. नाव काठाशीं नेऊन अगदीं खालच्या पायऱ्यांच्या सांध्यांकडे पाहा. आम्हांला कांहीं ठिकाणीं त्यांत हात जाईल एवढ्या भेगा दिसल्या. दुरुस्ती करावयाची तर ती पाणी उतरलेलें असतांनाच, याच दिवसांत.

पुढें नागपूरकर भोसल्यांचा घाट पाहून आम्हीं पंचगंगेवर नाव सोडली आणि पायऱ्या चढून गल्लींत आलों. तेथें मातीच्या भांड्यांतून केशरी रंगाचा मलइयो विकत होते. दूध रात्रभर दंवांत ठेवून पहांटे घुसळतात, त्याचा हा फेंस. हा केवळ थंडींतच मिळतो, आणि ऊन चढलें कीं विरून जातो; म्हणून आम्हीं तो उभ्याउभ्याच खाल्ला.