वार्ता पोंचेपर्यंत

जुन्या घरांच्या माळ्यावर लाल रुमालांत बांधलेलीं दप्तरें असतात. तीं सोडणाऱ्याची दृष्टि बहुधा वतनाच्या सनदा आणि देण्याघेण्याचीं खतें शोधीत असते. त्यांच्याच पोटांत चुरगळून पडलेलीं घरगुती पत्रें बाजूस सारलीं जातात. आम्हांस हें उलटें वाटतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आपले संसार कसे चालत, हें सनदेवरून कळावयाचें नाहीं. ‘सौभाग्यवती सुखरूप प्रसूत होऊन पुत्र झाला’ ही एक ओळ त्या कामीं अधिक उपयोगी.

उदाहरणादाखल बारामती व इंदापूर हा मुलूख घ्यावा. बारामती कऱ्हेच्या कांठीं, तर इंदापूर पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. बारामतीचें पुण्याशीं नातें केवळ दरबारी नव्हतें. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाइक जोशी यांस दिली होती. याच नाइकांच्या आश्रयानें कविवर्य मोरोपंत १७९४ सालीं निवर्तले तोंपर्यंत बारामतीस राहिले. पंतांचे व्याही म्हणजे पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्ये. बाबा पाध्ये या नांवानें ते प्रसिद्ध असून, त्यांचा १७९० सालीं पुरा झालेला ‘धर्मसिंधु’ पुढें आपल्या बहुतेक घरांत आचाराचा अखेरचा शब्द मानला गेला. पंढरपूर, बारामती, पुणें अशा लेकीसुनांच्या येण्याजाण्यानें बांधलेल्या या वाटेवर घरची वार्ता कशी चाले?

पत्र म्हणजे जुन्नरी कागद, बोरू, मोडी अक्षर आणि शाई वाळविण्यास चिमूटभर वाळू. आरंभीं ‘श्री’, मग वडिलांस साष्टांग नमस्कार वा चिरंजिवांस आशीर्वाद, त्यामागून ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावें’. एवढा उपचार झाल्यावर खरें वर्तमान येई. पेव उघडलें तों ज्वारीस किती कीड निघाली, मुंजीचा मुहूर्त कोणता धरला, म्हैस कधीं विणार. लिहिणारा हात बहुधा पुरुषाचा असे. पहांटे जात्यावर बसून घरचें दळण काढणाऱ्या सुनेस अक्षरओळख नसे. तिला माहेरीं कांहीं कळवावयाचें तर तें दिराकडून किंवा कारकुनाकडून लिहवून घ्यावें लागे, आणि तेंहि सासूसासऱ्यांच्या कानांवरूनच जाई. मग ‘कुशल’ या शब्दावांचून ती दुसरें काय सांगणार? तिकडे माहेरींहि पत्र मोठ्यानें वाचलें जाई. लेकीचें खरें वर्तमान आईला पत्रावरून थोडें, आणि श्रावणांत तिला आणावयास गेलेल्या भावाच्या तोंडून अधिक, असें कळत असे.

सरकारी कागद जासूद नेत. सामान्य गृहस्थाचें पत्र ओळखीचा सावकार, यात्रेकरू, कीर्तनकार, जो कोणी त्या बाजूस जाणारा भेटेल त्याच्याबरोबर जाई. मृत्यूची वर्दी मात्र इतकी थांबूं शकत नसे. ती आसपासच्या गांवीं पोंचविण्याचें काम महारावर असे. ऊन असो, पाऊस असो, तो धांवत येई, अंगणाबाहेर उभा राहून निरोप सांगे, आणि शिळी भाकरी घेऊन परत फिरे. ज्याच्या पायांवर आपलें सारें सुतक अवलंबून होतें त्याला पडवीची सावलीहि मिळत नसे, हें आपल्या घरांनीं विसरूं नये. या वतनी सक्तीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बिल आणलें. वतन कायद्यानें रद्द व्हावयास १९५८ साल उजाडावें लागलें.

चालणारा मनुष्य दिवसास दहा कोस गेला तरी पुण्याची वार्ता बारामतीस तिसऱ्या दिवशीं व इंदापुरास चवथ्या-पांचव्या दिवशीं पोंचणार. पूर आल्यास केव्हां, याचा नेम नाहीं. धर्मशास्त्राचे सुतकविषयक नियम हा विलंब गृहीत धरूनच केलेले आहेत. दहा दिवसांच्या आंत कळलें तर उरलेले दिवस पाळावयाचे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत कळलें तर तीन रात्री, सहा महिन्यांच्या आंत पक्षिणी म्हणजे सुमारें दीड दिवस, नऊ महिन्यांच्या आंत एक दिवस, आणि त्यापुढें नुसतें स्नान. पुत्रास मात्र आईबापांचा मृत्यु केव्हांहि कळो, ऐकल्या दिवसापासून पुरे दहा दिवस. हें कोष्टक कोरडें वाटतें खरें. पण त्यांत एक शहाणपण आहे. दूरच्या भाऊबंदाची बातमी सहा महिन्यांनीं आली म्हणून चुली, सण आणि ठरलेलीं लग्नें दहा दहा दिवस अडून राहूं नयेत, ही त्यामागची सोय उघड दिसते. परंतु त्याच कोष्टकांत विवाहित कन्येस बापाचें सुतक तीनच रात्रींचें सांगितलें आहे. गोत्र बदललें हें कारण शास्त्रास पुरतें. चवथ्या दिवशीं न्हाऊन स्वयंपाकास लागणाऱ्या त्या लेकीस तें पुरत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आणि वार्ता आलीच नाहीं तर? तोहि काळ या मुलुखानें पाहिला. १८०२ च्या ऑक्टोबरांत होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने यानें बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला; त्याच महिन्याच्या पंचविसाव्या तारखेस हडपसरची लढाई झाली आणि बाजीराव पुणें सोडून गेला. पुढल्या एप्रिलांत जनरल वेलस्ली बारामतीवरून रातोरात कूच करून, साठ मैलांची मजल बत्तीस तासांत मारून पुण्यांत शिरला. फौजांचें वर्तमान असें धांवत होतें. लुटीनें व मागून आलेल्या १८०३-०४ च्या दुष्काळानें परागंदा झालेल्या माणसांचें मात्र कांहींच कळत नव्हतें. अशा बेपत्ता गृहस्थाची वाट बहुधा बारा वर्षें पाहावी, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यास अग्नि द्यावा, असा विधि आहे. तोंवर त्याची पत्नी रोज कुंकू लावी, मंगळागौरीस बोलावली जाई, आणि प्रत्येक घरांत तिच्याकडे जरा अधिक वेळ पाहिलें जाई. इंदापूर तालुक्यांतील उजाड शेतें पाहून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं १८३६ मध्यें तेथें तीस वर्षांच्या बेताच्या साऱ्याची नवी पाहणी लागू केली. ओस पडलेलीं रानें हळूहळू पुन्हां लागवडीस आलीं. पण वाट पाहणाऱ्या त्या स्त्रियांची नोंद कोणत्याच पाहणीपत्रकांत नाहीं.

विलंबाचा हा जाच एकट्या आपल्याच देशास नव्हता. त्या काळीं अमेरिकेंत टपाल होतें, परंतु त्याचा आकार कागदाच्या तावागणिक व अंतरागणिक पडे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्यानें भरावा लागे. १८१६ च्या दरानें तीस मैलांपर्यंत सहा सेंट, चारशें मैलांपलीकडे पंचवीस. दुसरा ताव परवडेना, म्हणून तिकडच्या गृहिणी तोच ताव आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरून पुन्हां ओळी लिहीत. कोणी वारल्यास पत्राच्या घडीस काळी लाख लावीत, म्हणजे पत्र फोडण्यापूर्वींच मन आंवरतां येई. १८४५ सालीं तेथील दर उतरले.

आपल्याकडे १८३७ च्या कायद्यानें सरकारी टपाल सर्वांस खुलें झालें, तरी अर्ध्या आण्यांत पत्र कोठेंहि जाऊं लागलें तें १८५४ पासून. १८७९ सालीं तर एका पैशाचें कार्ड निघालें. मग शुभवार्तेच्या कार्डास कुंकवाचें बोट लागूं लागलें आणि अशुभाच्या कार्डाचा कोपरा फाडूं लागले. असा फाटका कोपरा दिसला कीं कार्ड उंबऱ्याच्या आंत नेत नसत. बाहेरच वाचावें, तेथेंच फाडून टाकावें, आणि स्नानास जावें. म्हणूनच माळ्यावरच्या दप्तरांत बारशांचीं आणि मुंजींचीं पत्रें सांपडतात, दुखवट्याचीं क्वचित्.