आजीचं सांगणं पुरावा धरतात का?

ज्यांना भाग ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर.

आपली दहिसर नदी तुळशी तलावाकडून, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून खाली येते. त्या जंगलात वारली, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. 1997 साली उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला आणि पाड्यांनाही प्रश्न आला : तुम्ही इथलेच, हे कशावरून?

कॅनडाने 2008 साली सत्य आणि सलोखा आयोग नेमला. आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घातलं होतं. त्यांच्यावर काय गुजरलं, हे साडेसहा हजारांहून जास्त लोकांनी आयोगाला सांगितलं. 2015 मध्ये 94 शिफारशी आल्या. म्हणजे आधी ऐकून घ्यायचं, मग दुरुस्ती. आमच्याकडे सर्व्हर पडला की आधी काय घडलं ते लिहून काढतो, तसंच.

आपल्याकडे असा आयोग झाला नाही. पण 2006 चा वनहक्क कायदा काढून बघा. वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे संसदेने प्रस्तावनेतच मान्य केलंय. कबुली झाली, आता दुरुस्ती कशी? 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासींनी ग्रामसभेकडे दावा करायचा. पुरावा म्हणून विहीर, दफनभूमी, देवाची जागा चालते. आणि दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचा लेखी घेतलेला जबाबही चालतो! मात्र एकाच पुराव्यावर भागत नाही, एकाहून जास्त लागतात.

म्हणजे शेजारच्या आजीने सांगितलं, ‘याचा आजा इथंच नाचणी पेरायचा’, तर ते कायद्याने पुराव्यात धरायचं. अमुकच कागद आणा असा हट्ट वरच्या समित्यांनी धरू नये, हे 2012 च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय. आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही.

अडचण कुठे आहे? एक तर मुंबईत ग्रामपंचायतच नाही, मग ग्रामसभा कुणी आणि कुठे भरवायची? दुसरं म्हणजे वेळ. उद्यानाच्या आधीचं जंगल पाहिलेली माणसं दरवर्षी कमी होतायत. जबाब न लिहिताच आजी गेली, तर पाड्याचा एक पुरावा गेला. पुढे कितीही माफी मागितली तरी तो परत येणार नाही.

तुमच्या ओळखीत पाड्यावरचं कुणी असेल, तर त्यांना एवढं नक्की सांगा : म्हाताऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या.

भेटू पुढच्या भागात.