खाऱ्या पाण्याची कॉफी

लातूरच्या बाजारात तुरीची डाळ मुठीत घेऊन ती कुठल्या भागातली, जुनी की नवी, हे सांगणारी माणसं आहेत. ती डाळ बोअरच्या पाण्यात लवकर शिजत नाही, हे घरातली कोणतीही बाई सांगेल. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी राहून उत्तम कॉफी प्यायची असेल तर हेच दोन प्रश्न विचारावे लागतात: माल कुठला आणि पाणी कसलं. पहिल्या प्रश्नावर जगभर लिहिलं गेलं आहे. दुसरा प्रश्न आपल्या भागाचा आहे, आणि तोच जास्त महत्त्वाचा, असं माझं मत झालं आहे.

कॉफी आपल्या रानात येत नाही. अरेबिका जातीला साधारण हजार ते पंधराशे मीटर उंची, मोठ्या झाडांची सावली आणि दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस लागतो. रोबस्टा कमी उंचीवर भागवते, पण तिलाही हजार मिलिमीटरच्या वर पाऊस हवा. मार्च-एप्रिलमध्ये पडणाऱ्या सरींवर झाडं फुलतात. त्या सरी चुकल्या की वर्ष गेलं. आपली उंची सहाशे मीटरच्या आसपास, पाऊस सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर, तोही लहरी. घरणी आणि साकोळच्या तलावांकडे बघत पेरणी करणाऱ्या तालुक्यात सोयाबीन आणि तूरच शहाणपणाची.

तरी कॉफीशी मराठवाड्याचं नातं वाटतं तितकं लांबचं नाही. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी, म्हणजे नामस्मरणासाठी, जागं राहायला कॉफी पीत, आणि तिथल्या मोखा बंदरातून हे बी जगभर गेलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्यासोबत आलेला पाद्री एडवर्ड टेरी याने हिंदुस्थानातली मद्य न पिणारी धार्मिक माणसं कॉफी पितात अशी नोंद केली आहे. म्हणजे चहाने आपल्या घरात पाय ठेवण्याच्या कितीतरी आधी कॉफी या देशात प्यायली जात होती. पुढे निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातून अरब शिपाई आले. त्यांचे वंशज चाऊस आडनावाने हैदराबादेत आणि मराठवाड्याच्या शहरांतून आजही नांदतात. कॉफी ज्या देशाने जगाला दिली, त्या देशातली माणसं आपल्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, याचा आपल्याला विसर पडला आहे.

येमेनमधून उगवणारं बी बाहेर जाऊ देत नसत. उकडून किंवा भाजूनच ते विकत. हज करून परतणाऱ्या बाबा बुडन या सूफी संताने सात कच्च्या बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. काळ साधारण १६७० चा सांगतात. सातचा आकडा श्रद्धेचा आहे, पण भारतातली कॉफी याच डोंगरांतून पसरली, यात वाद नाही. माहूर-गाणगापूरच्या दत्तभक्तांना हाच डोंगर, बाबाबुडनगिरी, दत्तपीठ म्हणूनही ठाऊक आहे. एकाच डोंगरावर दत्ताच्या पादुका, सूफी संताची जागा आणि उतारावर कॉफीचे मळे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मेळघाटात, चिखलदऱ्याला. हैदराबाद रेजिमेंटचा कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये या पठारावर पोहोचला, आणि इंग्रजांच्या वस्तीबरोबर इथे कॉफी लागली. अकराशे मीटरची उंची आणि भरपूर पाऊस तिला मानवला. चिखलदरा ज्या वऱ्हाडात आहे तो १८५३ पर्यंत निजामाच्या ताब्यात होता, आणि इंग्रजांकडे गेल्यावरही नावाने निजामाचाच राहिला. त्यामुळे लातूर आणि चिखलदरा एकेकाळी एकाच राज्याच्या नकाशावर होते. चिखलदऱ्याचं पीक थोडं असतं. ते पर्यटकांच्या पिशव्यांतून घरोघरी जातं आणि बाजारात भाव ठरवण्याइतकं कधी होत नाही. तरी मेळघाटच्या वाटेवर असाल तर एक पुडा जरूर घ्यावा, आपल्या राज्याच्या मातीतली कॉफी म्हणून.

आपल्याकडे कॉफी पिण्याची सवय रुजवण्याचा पहिला संघटित प्रयत्नही महाराष्ट्रातच झाला. १९३० च्या दशकातल्या मंदीत मळेवाल्यांचा माल पडून राहू लागला, तेव्हा १९३५ च्या कायद्याने कॉफीवर उपकर बसवून एक समिती नेमली गेली. परदेशात माल जात नसेल तर देशातच पिणारे वाढवायचे, हा तिचा विचार. त्यातून १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं, आणि पुढच्या काही वर्षांत देशभर त्याच्या शाखा झाल्या. १९५० च्या दशकात त्या समितीच्या जागी आलेल्या कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालू ठेवली. १९५७ मध्ये बंगळूरला पहिली संस्था आणि त्याच वर्षी दिल्लीला पहिलं इंडियन कॉफी हाऊस.

पण या कॉफी हाऊसांत कुठल्या मळ्याची कॉफी पितोय हे कुणालाच सांगता आलं नसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून सगळा माल बोर्डाकडे जमा व्हायचा. प्रतवारीनंतर एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालात मिसळायचा आणि लिलाव व्हायचा. जो चांगली फळं वेचून तोडेल त्यालाही तोच हिशेब, जो फांदी ओरबाडेल त्यालाही तोच. मग काळजी कोण घेणार? १९९२ पासून थोडा माल स्वतः विकायची मुभा मिळाली आणि १९९६ मध्ये बंधन पूर्ण उठलं. आज पुड्यावर मळ्याचं नाव, उंची, झाडाची जात आणि प्रक्रिया छापलेली दिसते त्याचं मूळ त्या निर्णयात आहे. शेतमालाच्या भावावर रोज बोलणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे तपशील चवीत उतरतात. १८६९ मध्ये सिलोनच्या मळ्यांवर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत तिथली कॉफी बुडून चहा आला. आपल्या डोंगरांनाही तो रोग चुकला नाही, म्हणून इथे तग धरणाऱ्या जातींचा शोध सुरू झाला. १९२५ पासून बाळेहोन्नूरला कॉफीचं संशोधन केंद्र आहे. तिथे निघालेली एस ७९५ ही जात आज भारतीय अरेबिकाची ओळख आहे: मध्यम आंबटपणा, जड अंग, मागे मसाल्याचा हलका गंध. सिलेक्शन ९ मध्ये इथिओपियाचं रक्त आहे. तिचा वास जास्त मोकळा, फुलांकडे झुकणारा. त्याच जातीची फळं गर धुऊन वाळवली तर चव स्वच्छ आणि धारदार लागते. गरासकट अख्खी वाळवली की पिकल्या फळाची गोडी येते आणि कधी आंबवल्याचा दर्पही. फळात दोनऐवजी एकच गोल दाणा धरला तर तो पीबेरी. तो वेगळा काढून महाग विकतात, पण एकसारखा भाजला जातो यापलीकडे त्याची थोरवी मला कळलेली नाही.

मान्सून्ड मलबारची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. शिडाच्या जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून माल युरोपात पोहोचायला महिनेच्या महिने लागत. समुद्राच्या दमट हवेने दाणे फुगत, पिवळे पडत, त्यांचा आंबटपणा जाई, आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, वाफेची जहाजं आली, प्रवास आखडला आणि ती चवही गेली. मग मंगळूरच्या व्यापाऱ्यांनी जून ते सप्टेंबर या काळात उघड्या गोदामांत दाणे पसरून पावसाळी वाऱ्यावर ते फुगवायला सुरुवात केली. आजही तसंच करतात. ज्यांना कॉफीचा आंबटपणा सोसत नाही त्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकू व्हॅली इथल्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचे पुडे आता पोस्टाने, कुरिअरने शिरूरपर्यंत येतात.

असा चांगला पुडा आणला, कृती जशीच्या तशी केली, आणि कप फिका, खडूसारखा लागला, अशी तक्रार या भागात हमखास ऐकू येते. दोष बहुधा पुड्याचा नसतो. कपात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आपलं पाणी काळ्या पाषाणाच्या थरांतून येतं, आणि बोअर जितकी खोल तितका ते कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट जास्त घेऊन येण्याचा संभव. भांड्याच्या बुडाला पांढरी पुटं धरतात ती त्यांचीच. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थोडे असावेत. ते दाण्यातला अर्क ओढून काढायला मदत करतात. घात करतं ते बायकार्बोनेट. कॉफीतला लिंबा-सफरचंदासारखा आंबटपणा ते पुसून टाकतं, आणि हलक्या भाजणीच्या महागड्या अरेबिकाची सारी किंमत त्या आंबटपणातच असते.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कॉफीच्या जाणकारांनी आपल्या कामासाठी धरलेला आकडा १५० च्या आसपास आहे, आणि बायकार्बोनेटसारख्या आम्ल मारणाऱ्या क्षारांचा ४० च्या आसपास. दोन मानकांमधली ही दरी आपल्याकडे रोज अनुभवाला येते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. जिथे पाणी मिळण्याचीच मारामार, तिथे त्याच्या चवीचं कौतुक करणं कुणाला चैनीचं वाटेल. मला तसं वाटत नाही. कपाला लागतं पाव लिटर, आणि ते सुधारायला खर्च जवळजवळ नाही.

आरओच्या जारचं पाणी थेट वापरू नये. त्यातले क्षार इतके काढलेले असतात की कॉफी पोकळ आणि बोचरी लागते. तीन भाग जारचं आणि एक भाग बोअरचं पाणी मिसळावं. बोअरच्या पाण्यातले क्षार लिटरमागे ६०० मिलिग्रॅम आणि जारच्या पाण्यातले ५० असतील तर मिश्रण १९० च्या जवळ येतं, आणि ते पुरेसं चांगलं आहे. क्षार मोजायची पेनासारखी यंत्रं काही शे रुपयांत मिळतात. यंत्र नको असेल तर आपल्या घरातली जुनी रीत आहेच: पाणी दहा मिनिटं खळखळून उकळायचं, रात्रभर निवळू द्यायचं आणि वरचं अलगद ओतून घ्यायचं. उकळल्याने बायकार्बोनेट चुन्याच्या रूपात तळाशी बसतं. आजीने हे रसायनशास्त्र म्हणून केलं नव्हतं, पण ते तेच होतं.

आपल्या उंचीवर पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. आधण उतरवून अर्धा मिनिट थांबलं की ते कॉफीला हव्या त्या उष्णतेवर येतं. पंधरा ग्रॅम पूड, अडीचशे मिलिलिटर पाणी, चार मिनिटं, आणि गाळणं: एवढ्यावर भागतं. पूड मात्र प्यायच्या वेळीच दळावी. मिक्सरमध्ये दळलेली एकसारखी होत नाही. हाताने फिरवायची छोटी चक्की घेतली तर पैसे वाया जात नाहीत. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भाजलेले दाणे घट्ट डब्यात, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावेत आणि महिन्याभरात संपवावेत.

दुधाच्या कॉफीला कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही. लग्नाच्या पंगतीनंतरची, उपवासाच्या दिवशीची, जायफळ-वेलदोड्याची आटीव कॉफी ही आपली स्वतःची चीज आहे, आणि तिलाही चांगला माल हवा. तिच्यात महाग अरेबिका घालू नये. दूध आणि साखर तिला गिळून टाकतात. पुड्यावरचं बारीक अक्षर वाचावं: कायद्याने मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, म्हणजे निम्म्या पैशात भाजलेलं मूळ येतं. त्याऐवजी वायनाड किंवा कूर्गची धुतलेली रोबस्टा, मध्यम-गडद भाजलेली, बिनचिकोरीची आणावी. तिच्यात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं, म्हणून पूड थोडी कमी घ्यावी. पितळी फिल्टरमध्ये घट्ट अर्क उतरवावा, म्हशीचं दूध वेगळं आटवावं, आणि जायफळ दुधात न उकळता कप भरल्यावर वरून किसावं.