साठवणीची स्वतंत्र वाट

संस्थांचे दप्तर आता लाकडी कपाटांतून संगणकाच्या डिस्कवर आले आहे. प्रवेश-नोंदी, निकालपत्रके, छायाचित्रे यांचा साठा वाढला की सर्व्हरच्या आतली डिस्क अपुरी पडते आणि साठवण-पेटी वेगळी ठेवून ती ईथरनेटच्या केबलने जोडावी लागते. या जोडणीच्या एका रूढ पद्धतीचे नाव 'आयस्कझी'. आपले जे माजी विद्यार्थी या क्षेत्रात आहेत, त्यांना पुढील मजकुरात नवे काही आढळणार नाही. संस्थांच्या खरेदीवर सही करणाऱ्यांसाठी मात्र तो उपयोगी ठरावा.

ईथरनेटचा जन्म १९७३ सालचा, कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातला. एकाच तारेवर अनेक यंत्रांनी बोलावे, दोघे एकदम बोलले तर थांबून पुन्हा प्रयत्न करावा, ही त्यामागील रॉबर्ट मेटकाफ यांची कल्पना. डिस्कशी बोलण्याची 'स्कझी' ही भाषा निराळ्या कुळातली. डिस्क हाताच्या अंतरावर आहे, असे गृहीत धरणारी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आयस्कझीच्या मानकाने या दोहोंची सांगड घातली. 'फायबर चॅनल'च्या खर्चिक जाळ्यावाचून हे काम साध्या केबलवर होऊ लागले, ही माझ्या मते मोठी गोष्ट.

पण येथेच गफलत होते. संकेतस्थळ उघडण्यास उशीर झाला तर माणूस वाट पाहतो. डिस्ककडून उत्तर येण्यास फार उशीर झाला तर सर्व्हर ती निकामी समजतो आणि लेखन थांबवतो. केबल, स्विच, पोर्ट हे सारे आता डिस्कचेच अवयव झालेले असतात. म्हणून साठवणीसाठी सर्व्हरवर वेगळे पोर्ट हवे; मुलांच्या संगणक-कक्षाची रहदारी त्यावर नको. त्या पोर्टला स्थिर पत्ता द्यावा आणि तोही वेगळ्या उपजाळ्यातला. कार्यालयाचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील, तर साठवणीचे १०.१०.१० ने असावेत. गेटवेचा रकाना रिकामा ठेवावा. साठवणीला इंटरनेटवर जाण्याचे कारण नाही, आणि एका सर्व्हरला दोन गेटवे दिले की पाकिटे भलत्याच दाराने बाहेर पडू लागतात.

सर्वाधिक घोळ पाकिटाच्या आकारात होतो. ईथरनेटच्या पाकिटात सामान्यतः १५०० बाइट मावतात. ही मर्यादा, म्हणजे 'एमटीयू', ९००० पर्यंत वाढवता येते. मात्र सर्व्हर, स्विच आणि साठवण-पेटी या तिन्ही ठिकाणी ती वाढवावी लागते. मधला स्विच राहून गेला तर फसवे दृश्य दिसते: जोडणी होते, डिस्क दिसते, लहान फाइली उघडतात, मोठी फाइल लिहू लागताच सारे गोठते. मग दोष डिस्कला दिला जातो आणि नवी डिस्क विकत घेतली जाते! याची चाचणी सोपी आहे. पाकीट न तोडण्याची सूचना देऊन ८९७२ बाइटचा 'पिंग' पाठवावा. उरलेले २८ बाइट शीर्षकांत जातात. उत्तर आले तर वाट सलग आहे. एक गिगाबिटच्या लहान जाळ्यात मी तरी १५०० वरच समाधान मानावे असे म्हणेन. लाभ थोडा, कटकट फार.

एक केबल तुटली तरी काम चालावे म्हणून दोन पोर्ट घेतात. ते एकत्र बांधून एकच जाड वाट मिळते, हा समज खरा नाही. एक जोडणी सहसा एकाच केबलवरून जाते. त्यापेक्षा दोन पोर्टना दोन उपजाळी देऊन 'मल्टिपाथ' वापरणे बरे.

आयस्कझीचा मजकूर तारेवरून उघडाच जातो, हे ध्यानात घ्यावे. 'चॅप'चा परवलीचा शब्द केवळ दारावरची ओळख तपासतो. शिवाय एकच डिस्क दोन सर्व्हरना एकाच वेळी लिहिण्यास देऊ नये. सामान्य फाइल-रचनेत एकाला दुसऱ्याचे लेखन कळत नाही, आणि काही काळातच दोघांच्याही नोंदी वाचता येईनाशा होतात.