गाणारा नसलेला तंबोरा

“जावईबापू, हा तंबोरा काहून वाजते? गानारा तं कोनीच नाई!”

खाटेवर बसलेल्या माझ्या सासऱ्यांनी हे विचारले तेव्हा टीव्ही बंद होता, घरात कुणी बोलत नव्हते आणि कोपऱ्यातला सबवूफर एकटाच ‘घूंऽऽ’ करीत होता. आवाजाचे बटण शून्यावर आणले तरी तो गप्प बसेना.

कुरखेड्याशी माझे नाते बँकेने जुळवले. १९८८ साली मी इथल्या शाखेत बदलून आलो. गडचिरोली जिल्हा होऊन तेव्हा सहाच वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी मी इथलाच जावई झालो. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने आम्ही दोघे मामाजींपाशी राहतो.

मामाजी झाडीपट्टीच्या नाटकांत तबला वाजवीत. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागली, की रात्री जेवणे आटोपून सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालायचे. वडसा हे या नाटकमंडळ्यांचे मुख्य ठिकाण. याच कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली ‘पद्मश्री’ मिळाली, तेव्हा मामाजींनी घरात पेढे वाटायला लावले होते.

आता त्यांची नव्वदी जवळ आली आहे. वयोमानाने कान जातात ते वरच्या बाजूने. आधी बारीक आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘त’ ही अक्षरे निसटतात, म्हणून बोललेले कळत नाही. खालचे, जाड आवाज बराच काळ साथ देतात. मामाजींना सुनेचे बोलणे कळत नाही, पण अंगणातून गेलेली बैलगाडी कळते.

म्हणून मुलाने पुण्याहून तो संच धाडला होता : दोन लहान स्पीकर आणि एक सबवूफर. १९८४ सालच्या एका नाटकाची जुनी कॅसेट त्याने पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. तबल्यावर मामाजी स्वतः. रोज संध्याकाळी ते ती लावायला सांगत आणि खाटेच्या कडेवर बोटे चालवीत. घूंकार सुरू झाला आणि आठवड्याभरात त्यांनी ऐकणेच सोडले. मागितलेही नाही. ते मला जास्त लागले.

मी आधी नवी तार आणली. मग प्लग बदलला. मग संच या भिंतीवरून त्या भिंतीला नेला. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, टाकून द्या, नवा घ्या.” शेवटी खोके उचलून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार तिशीतला. त्याने स्क्रू ड्रायव्हरला हातही लावला नाही.

“साहेब, टीव्हीकडून येणारी तार काढली तरी घुमते?”

“घुमतो.”

“आवाज शून्यावर केला तरी तेवढाच?”

“तेवढाच.”

“मग टीव्ही नाही, तार नाही, बटणही नाही. बटणाच्या पुढचं काही तरी, नाही तर वीजपुरवठा.”

मला एकदम बँकेतली संध्याकाळ आठवली. ट्रायल बॅलन्स जुळला नाही, की नवखा कारकून सगळी खातेवही पुन्हा पहिल्या पानापासून बेरजेला घेई. जुने हेडकॅशियर आधी फरक किती ते विचारीत. फरकाला नऊने भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव : ५४० च्या जागी ४५० लिहिले, की फरक ९०. रक्कम नावेऐवजी जमेला पडली असेल, तर फरक नेमका दुप्पट येतो. चूक कुठे झाली, हे बऱ्याचदा चुकीच्या चेहऱ्यावरच लिहिलेले असते.

इथेही तसेच होते. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. यंत्रात ती एकाच दिशेला वळवली, की तिचे सेकंदाला १०० ठोके होतात. मधल्या पोकळ्या भरून काढायला मोठा कॅपॅसिटर असतो, नळाचे पाणी थांबून-थांबून येत असले तरी टाकीमुळे धार सलग राहावी तसा. तो निकामी झाला, की ते १०० ठोके थेट स्पीकरमध्ये उतरतात. तारेतून शिरलेली गुणगुण बहुधा ५० ची असते, म्हणजे बरोबर एक सप्तक खालची. आमचा तंबोरा वरच्या सप्तकात लागला होता.

प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती रेझिस्टरमधून उतरवल्यावरच त्याने आत हात घातला. तापणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला खेटून बसलेला एक कॅपॅसिटर डोक्यावर फुगला होता. उष्णता त्याचा वैरी. दहा अंश कमी तापला तर आयुष्य साधारण दुपटीने वाढते. त्याच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा, पण २५ ऐवजी ३५ व्होल्टचा आणि १०५ अंश सोसणारा बसला, पट्टीपासून जरा लांब. घूंकार बंद.

घरी आणला, कॅसेट लावली. मामाजींनी ऐकले आणि मान हलवली. “डग्गा मधातच गडप होते.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान. तबलजी डग्ग्यावर मनगट घासतो तेव्हा त्याचा स्वर वर चढतो. आमचा सबवूफर चित्रपटातले धमाके वाजवायला बांधलेला. तो अगदी खालचेच आवाज घेई. लहान स्पीकर वरचेच घेत. घिस्सा चढता-चढता मधल्या खड्ड्यात पडे. दुकानदाराने गाळणीच्या भागातले ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर काढून ०.०४७ चे लावले. तिथला हिशेब व्यस्त चालतो : किंमत निम्मी केली, की आवाजाची सीमा दुप्पट वर सरकते. घेतलेले पैसे सांगायला संकोच वाटावा इतके थोडे होते.

त्या संध्याकाळी मामाजी खाटेच्या कडेला सरकून बसले. डग्गा बोलू लागला, घिस्सा चढला आणि न तुटता उतरला. त्यांची बोटे चालू लागली. दहाएक मिनिटांनी ती अचानक थांबली. माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा काही बिघडले की काय!

“मांगं घ्या जरा,” ते म्हणाले. मी मागे घेतले. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि एका ठिकाणी त्यांनी बोट वर केले.

“इथं माजी सम चुकली होती. नाटक संपल्यावर पेटीवाला म्हने, चुकली. मी म्हनो, नाई चुकली. दोन वर्स बोललो नोतो आमी.”

पेटीवाला जाऊन बरीच वर्षे झाली. मामाजींनी तो तुकडा तीनदा ऐकला. मग खाटेच्या लाकडावर तीच सम त्यांनी जिथे पडायला हवी होती तिथे, हलक्या हाताने, बरोबर दिली.