खोडदहून मोजलेली अवकाशाची थरथर

२९ जून २०२३ रोजी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, चीन आणि भारतातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या गटांनी आपापले निष्कर्ष जाहीर केले. सगळ्यांचं सांगणं एकच होतं: विश्वात गुरुत्वीय लहरींची मंद, अखंड थरथर चालू असल्याचा पुरावा हाती येतो आहे. युरोपीय आणि भारतीय-जपानी गटांनी मिळून मांडलेल्या निष्कर्षांत जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणंही होती. बातमी दोन दिवस गाजली आणि मागे पडली. तिच्यामागचं काम मात्र सावकाशीनं समजून घ्यावं, असं आहे.

गुरुत्वीय लहरींचं भाकीत आइन्स्टाइननं १९१६ मध्ये केलं होतं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो प्रयोगानं अशी लहर पहिल्यांदा टिपली. दोन कृष्णविवरांच्या मिलनातून उठलेली ती लहर सेकंदाच्या अंशात निघून गेली. आकाशगंगांच्या केंद्रांत मात्र सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाची कृष्णविवरं असतात. दोन आकाशगंगा एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या केंद्रांतली कृष्णविवरं परस्परांभोवती फिरू लागतात आणि त्यांच्या लहरी इतक्या लांब असतात की एकेक लहर सरायला वर्षानुवर्षं लागतात. चार किलोमीटर लांबीच्या भुजांचं लायगो तिथं अपुरं पडतं. त्यासाठी आकाशगंगेएवढंच मोठं उपकरण हवं.

ते उपकरण निसर्गानंच ठेवलं आहे. सूर्याहून जास्त वस्तुमान जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीच्या गोळ्यात दाबलेले, गरगर फिरणारे तारे म्हणजे पल्सार. त्यांचा रेडिओ झोत प्रत्येक फेरीला पृथ्वीवरून जातो आणि दुर्बिणीत एक ठोका उमटतो. सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा पहिला अतिवेगवान पल्सार १९८२ मध्ये सापडला. शोध लावणाऱ्या गटात कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. तेव्हा ते बर्कलीला पीएच.डी. करत होते. असे पल्सार अत्यंत नेमाने ठोके देतात. पुढचा ठोका कधी येणार याचं गणित मांडायचं आणि प्रत्यक्ष वेळेशी ते ताडून पाहायचं, एवढंच काम. पण ते वर्षानुवर्षं करायचं.

एका घड्याळाचा काटा चुकला तर दोष घड्याळाचा. आकाशभर विखुरलेली घड्याळं ठरावीक पद्धतीनं एकत्र चुकू लागली, तर कारण त्यांच्यामधल्या अवकाशात शोधावं लागतं. ती पद्धत कशी असेल, हे हेलिंग्ज आणि डाउन्स या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच मांडलं होतं. आकाशात जवळजवळ दिसणाऱ्या पल्सारांच्या चुका सारख्या वळणाच्या, तर साधारण काटकोनात असलेल्यांच्या उलट वळणाच्या. २०२३ च्या निष्कर्षांत ही खूण दिसू लागली.

इथं खोडदचं महत्त्व कळतं. पल्सारपासून पृथ्वीपर्यंतच्या वाटेत विरळ इलेक्ट्रॉन पसरलेले असतात आणि ते रेडिओ लहरींना रेंगाळवतात. वारंवारता जितकी कमी, तितका उशीर जास्त: ४०० मेगाहर्ट्झला १४०० मेगाहर्ट्झच्या सुमारे बारा पट. शिवाय वाटेतले इलेक्ट्रॉन काळानुसार कमी-जास्त होतात. शोधायचा परिणाम सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपासचा, त्यामुळे एवढासा बदलही निष्कर्ष बिघडवू शकतो. तो मोजण्याची उत्तम जागा म्हणजे कमी वारंवारता. जीएमआरटीच्या तबकड्या गटांत वाटून ३०० ते ५०० आणि १२६० ते १४६० मेगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत एकाच वेळी निरीक्षण करता येतं. दोन्हींतला फरक पाहून इलेक्ट्रॉनांमुळे झालेला उशीर वजा करतात.

या दुर्बिणीची बांधणी हासुद्धा मोठा पराक्रम आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या इथं उभ्या राहिल्या. चौदा मध्यभागी, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर. तबकडीला भरीव पत्रा नाही. ताणलेल्या दोरांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी बसवलेली आहे. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळीची छिद्रं जाणवत नाहीत, त्या परावर्तित होतात. वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्चही आटोक्यात राहिला.

मिळालेला पुरावा भक्कम आहे, पण शोध पक्का म्हणण्यासाठी शास्त्रज्ञ जी कठोर कसोटी लावतात, तिच्या तो अजून अलीकडे आहे. लहरी कृष्णविवरांच्याच की विश्वाच्या आरंभीच्या, याचाही निवाडा व्हायचा आहे. निरनिराळ्या खंडांतली निरीक्षणं एकत्र करण्याचं काम चालू आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहायचं आहे. त्याच्या उभारणीला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ते छोट्या लहरी टिपेल, खोडद लांब लहरींचा माग काढेल.

अशा कामात घाई चालत नाही आणि खंडही चालत नाही. मधली काही वर्षं निरीक्षण थांबलं, तर ती भरून काढण्याचा उपाय नाही. म्हणून दुर्बिणीभोवतीचा परिसर रेडिओ गोंगाटापासून जपणं, निधी सातत्यानं देणं आणि आज शाळेत असलेल्या मुलांना या कामाची गोडी लावणं, हे सगळं त्या मोजमापाचाच भाग आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन जरूर जा. ही निरीक्षणं पुढे चालवणारे संशोधक त्यांच्यातूनच यायचे आहेत.